साखर डब्यात, शुगर रक्तात

माझ्या मुलीला शुगर नाही. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या वेळा बोलले आहे की आता ते माझं मलाच संशयास्पद वाटतं.

तिला आहे ते वेगळं. डॉक्टरांनी त्याला एडीएचडी म्हटलं. चौथीतली मुलगी. बाकावर बसली की पाय चालू, पाय थांबवले की तोंड चालू, आणि दोन्ही थांबवली तर ती वर्गात नसतेच, खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर असते. वर्गशिक्षिकेनं आम्हाला बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं, की दिवाळीपर्यंत फरक दिसला नाही तर तुम्ही दुसरी शाळा बघितलेली बरी. नवीन जालन्यात आमच्या घराजवळची ही तिची तिसरी शाळा. चौथी शोधायची तर रोज अर्धं शहर ओलांडायचं, आणि बाक तिथंही तसलेच असणार.

डॉक्टर सरळ बोलले होते. साखरेनं हे होत नाही आणि साखर बंद केल्यानं जात नाही. सकाळी पोटभर नाश्ता द्या, उपाशी ठेवू नका, पाकिटातलं रंगीत खाणं कमी केलंत तर बिघडणार काही नाही. वर्गात पुढं बसवा, अधूनमधून उठू द्या. तेवढ्यानं भागलं नाही तर औषधाचं बघू.

यातून माझ्या नवऱ्यानं एकच शब्द घरी आणला: खाणं. औषधाची त्याला भीती वाटत होती आणि शाळेत जाऊन ‘तिला उठू द्या’ म्हणायची लाज. खाण्याला ना भीती लागत होती, ना लाज. शाळेत मीच विचारलं. बाई म्हणाल्या, एकीला उठू दिलं तर अख्खा वर्ग उठेल.

मग घरात पथ्य सुरू झालं. सासूबाई अंबड तालुक्यातल्या गावाहून मुद्दाम आल्या. त्यांच्या मते पोरीच्या अंगात उष्णता होती, म्हणून वांगं बंद, पपई बंद, सब्जा चालू. नवऱ्यानं मोबाइलवर बघून साखर, मैदा, दूध आणि गहू एकाच दिवशी बंद केले. मी सकाळी मुगाचं धिरडं आणि अंडं सुरू केलं. मी बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासते. ट्रेचं पाणी, माती आणि ऊन एकदम बदललं तर बी कशानं उगवलं ते कळत नाही, हे तिथल्या नव्या पोरांनाही पहिल्या आठवड्यात शिकवतो. घरी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, ती काय बी आहे का?

ती बी नव्हती, पण पंधरवड्यानं आमच्यापैकी कुणालाही तिच्यात काय बदललं ते सांगता येईना. तशात बाईंचा फोन आला, घरी काही प्रयत्न चालू आहेत का म्हणून. नवऱ्यानं घसा साफ केला आणि महत्त्वाच्या माणसांशी बोलताना काढतो ती भाषा काढली.

“हो मॅडम. तिचं शुगर कंट्रोल चालू आहे.”

आपल्याकडे साखर डब्यात असते आणि शुगर रक्तात. हे जालन्यातल्या कुठल्याही माणसाला कळतं, एक माझा नवरा सोडून. बाईंनी रक्तातली ऐकली. म्हणाल्या, “अरेरे. आधी का नाही सांगितलंत?”

दुसऱ्या दिवसापासून माझी मुलगी पहिल्या बाकावर. तहान लागली की पाणी प्यायला जा, लागलं तर बाहेर जा, विचारायची गरज नाही. मधल्या सुट्टीआधी भूक लागली तर डबा उघड. जे डॉक्टरांनी सांगूनही मिळालं नव्हतं ते एका चुकीच्या शब्दानं मिळालं. एडीएचडी म्हणजे आईबापांनी लावलेली वाईट सवय. शुगर म्हणजे आजार.

मी शाळेत जाऊन खरं सांगितलं. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. “समजतं मला ताई. मुलीची जात. पुढं लग्नाचं बघावं लागतं. मी कुणाला बोलणार नाही.”

त्या कुणाला बोलल्या नसतीलही, पण आठवड्याभरात गल्लीला कळलं होतं. एका शेजारणीनं जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. दुसरी मुलीकडे बघून डोळे पुसायला लागली. मी नाही म्हटलं की त्या एकमेकींकडे बघत. आई आहे, लपवणारच. सासूबाईंचा तर कायापालटच झाला. त्यांना स्वतःला कित्येक वर्षांची शुगर आहे, आणि घरात या आजारात त्या आजवर एकट्या होत्या. आता नात सोबतीला आली. सकाळी दोघी ओट्याशी उभ्या राहून कारल्याचा रस घेत. मुलगी ग्लास तोंडाला लावी आणि माझी पाठ वळली की तुळशीत ओती. तुळस दिवाळीच्या आधी वाळली.

आणि मुलगी बसायला लागली. पाणी पिऊन यायची, डब्यातले शेंगदाणे खायची आणि पुढची अर्धी तासिका बसायची. सहामाहीत गणिताचा पेपर तिनं पहिल्यांदाच पूर्ण सोडवला. सासूबाईंनी श्रेय कारल्याला दिलं, नवऱ्यानं मैद्याला.

दिवाळीला आम्ही गावी गेलो. दुपारची जेवणं व्हायची होती. मी स्वयंपाकघरात शिरले तर सासूबाई अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसं काहीतरी कातरत होत्या, आणि मुलगी हात पसरून समोर बसली होती. अडकित्त्यात त्यांची शुगरची गोळी होती.

“काय करताय?”

“पोरगी सकाळपून लाडू खाऊन राह्यली. म्हणलं अर्धी तिला, अर्धी मला. दोघींचं एकच दुखणं, मंग गोळ्या दोन कशाला?”

मी मुलीच्या तळहातावरचा तुकडा उचलला. ती म्हणाली, “आई, मला खरंच शुगर आहे का? तू सगळ्यांना नाही म्हणतेस, आणि सगळे तुझ्यावर हसतात.”

“नाही,” मी म्हटलं. “आणि कुणाचीही गोळी खायची नाही.”

सूनबाईच्या शब्दाला गावात किती किंमत असते ते मला माहीत आहे. म्हणून सण आटोपल्यावर मी सासूबाईंना आणि मुलीला गाडीत घालून थेट डॉक्टरांसमोर बसवलं. त्यांनी मुलीचं रक्त तपासलं, कागदावरचा नॉर्मल आकडा सासूबाईंना दाखवला. आजींची गोळी नातीला कधीच द्यायची नाही, हे दोनदा सांगितलं. बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मंग झालंय तरी काय त्या पोरीला?”

“जे पहिल्यापासून सांगतेय तेच.”

शाळा उघडल्यावर तो कागद मी बाईंसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि जरा दुखावल्यासारख्या म्हणाल्या, “म्हणजे आता तिला उठू द्यायचं कारण राहिलं नाही.”

“उठत होती तेव्हा बसली की नाही?”

“बसली.”

“बाकीचा वर्ग उठला?”

“नाही.”

“मग?”

बाईंनी बाहेर बघितलं. त्याच कडुनिंबाकडे. “पण मुलांनी विचारलं तर काय सांगू?”

“आजवर कुणी विचारलंय?”

कुणी विचारलं नव्हतं. मुलगी पहिल्या बाकावरच राहिली, दुसऱ्या शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. घरी मी एकेक पदार्थ परत आणला. साखर आली, गहू आला, वांगं आलं, काही फरक पडला नाही. फक्त धिरडं चुकलं त्या दिवशी दहा वाजताच बाईंचा फोन आला. आता धिरडं चुकत नाही. औषधाचं डॉक्टरांशी बोलणं चालू आहे, आणि नवरा त्या खोलीत माझ्याशेजारी बसायला शिकला आहे.

गेल्या महिन्यात गावाकडची एक बाई रस्त्यात थांबवून विचारायला लागली, कारल्याचा रस किती दिवस दिला म्हणून. तिच्या सुनेला शुगर निघाली होती. मी म्हटलं, अहो, डॉक्टरांना दाखवा; आमच्या मुलीला शुगर कधी नव्हतीच.

“बघा,” ती म्हणाली, “इतकी साफ गेली.”