गुलाबी पाणी येईना

गुनवोर म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या दोन पिढ्या पोसलेली बाई. फिनलंडजवळच्या ऑलंडमधल्या त्या बेटावर तिच्या हातचं वाटाण्याचं सूप न प्यालेला माणूस विरळाच. पण त्यांच्या शिडाच्या बोटीचं इंजिन हे तिच्या नवऱ्याचं, एल्मरचं खातं. त्या उन्हाळ्यात एल्मरला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि बोलायला जावं तर तोंडातून एकच शब्द यायचा, "कॉफी."

थंडी यंदा लवकर आली. बोट काठावर चढवणारी क्रेन यायला अवकाश होता, आणि दुपारी रेडिओवर सांगितलं, आज रात्री पाणी गोठणार. इंजिनात पाणी राहिलं तर त्याचा बर्फ लोखंडही तडकवतो.  गुनवोरने एल्मरला धरून धरून बोटीत उतरवलं, पायरीवर टेकवलं आणि बाह्या सरसावल्या.

पिण्याच्या पाण्याची टाकी उपसली. तीत न गोठणारं गुलाबी पाणी ओतलं, पंप लावला आणि गुलाबी धार येईतो एकेक नळ सोडला. तिथवर ठीक होतं.

मग इंजिन. ते तापवून बंद केलं, इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी मिटवली, तिची नळी गुलाबी पाण्याच्या बादलीत सोडली आणि पुन्हा सुरू केलं. आता बादली उतरायची आणि मागच्या नळकांड्यातून गुलाबी पाणी पडायचं. पण बादली तश्शीच. मागे नुसता धूर.

"कॉफी!" एल्मर ओरडला.

"इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला कॉफी सुचतेय?"

"कॉफी! कॉफी!" त्याने काठी आपटली.

तेव्हा तिला उमगलं. कोरडा फिरला तर इंजिनातल्या पंपाचं रबर जळतं! तिने झटकन इंजिन बंद केलं.  उजेड जायला लागला होता.

एल्मर डावा हात हवेत गोल गोल फिरवत होता.

"काय? बरणी? बरणीचं झाकण?"

त्याने जोरजोरात होकाराची मान हलवली. तिने नळीवरून हात फिरवत नेला. गाळणीचं झाकण! मघाशी शेवाळ काढून तिनेच ते तिरकं बसवलं होतं. पंप तिथून नुसती हवा ओढत होता. तिने ते घट्ट आवळलं, जीव मुठीत धरून किल्ली फिरवली. बादली गटगट उतरू लागली. ती वर धावली, कठड्यावरून वाकली.

"आलं रे! गुलाबी आलं!"

 ती खाली आली तर एल्मर डोळे पुसत होता.

वसंतात इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. बोटीच्या मागच्या टोकाचा, हातात धरायचा शॉवर तेवढा आतलं पाणी गोठून उभा चिरला होता. तो रिकामा करायचं राहूनच गेलं होतं.

"मी विसरले, कबूल," गुनवोर म्हणाली. "पण तू तर तिथेच बसला होतास ना?"

एल्मर मान वळवून शिडाकडे बघत बसला.