टेबलाच्या पायावरचा नंबर

दिल्लीत द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर बाबांनी जेवण सोडलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, विस्मरणाच्या आजारात असं होतं, ओळखीच्या वस्तू आजूबाजूला ठेवा. बोलायला काय जातंय यांचं! ज्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली, ते पाडून तिथे टॉवर उभे राहिलेत. आणि तिथलं फर्निचर कधी आमचं नव्हतंच. ऑफिसनं दिलेलं, रिटायर होताना परत केलेलं. बाबा आमच्या काचेच्या टेबलाशी बसायचे, ताट पुढे सरकवायचे आणि विचारायचे, हे कुणाचं घर? माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. मला भयंकर राग यायचा, आणि तो निघायचा बायकोवर.

मग डोक्यात किडा वळवळला, की क्वार्टरमधलं ते जुनं जेवणाचं टेबल आपणच करायचं. मानेसरच्या कारखान्यांत गाड्यांचे पार्ट ज्या मोठाल्या खोक्यांतून येतात, त्यांचं पाइनचं लाकूड स्वस्तात मिळतं. त्यातून एका सुताराकडून आठवणीतल्या मापाचं टेबल करून घेतलं. आलं ते कोरं करकरीत, पिवळट. त्याला म्हातारं करायचं काम माझं.

बाल्कनीत बसून मी कडा घासून बोथट केल्या, सायकलच्या चेननं टेबल बडवून काढलं, खिळ्यानं किडीची भोकं पाडली. वर कडक चहाचा हात दिला. तारेची घासणी व्हिनेगरमध्ये मुरवून ठेवली होती, ते पाणी चहा वाळल्यावर फिरवलं, तसं लाकूड बघता बघता करडं पडलं. बाहेर दिल्लीचं धुरकं, नाकात व्हिनेगर. बायको म्हणाली, लोक जुन्याचं नवं करतात, तुझं आपलं काहीतरीच. पण मेण घासायला तीही येऊन बसली. आई दुधाचं पातेलं टेकवायची तिथला काळा गोल मी तापल्या तव्यानं उमटवला. एका कोपऱ्यात तिथल्यासारखीच शाई सांडली. इथवर ठीक होतं. मग जास्तीचा शहाणपणा केला. सरकारी टेबलाच्या पायावर पांढऱ्या रंगात ऑफिसच्या नोंदीचा नंबर असायचा. टेबलाखाली खेळण्यात माझं बालपण गेलं, नंबर तोंडपाठ होता. तोही रंगवला आणि घासून पुसट केला.

बाबा टेबलाशी बसले. काळ्या गोलावरून हात फिरवला आणि वरणभात जेवले. वर लिंबाची फोड मागितली. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. गालांवर जरा मांस येतंय असं वाटायला लागलं होतं.

एका सकाळी त्यांचा चमचा पडला. उचलायला वाकले, आणि वर आले ते पांढरेफटक पडून.

"हे परत नाही केलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

बाबा म्हणजे ऑफिसची पेन्सिलसुद्धा घरी न आणणारा माणूस. मी सांगितलं, टेबल आपलंच आहे, मीच केलंय. पण मग त्यावर नंबर कसा, असं त्यांनी विचारलं. नक्कल केली म्हटलं तर ते आणखीच घाबरले. त्या दिवसापासून ताट पुन्हा पुढे सरकायला लागलं. दारावरची बेल वाजली की ते त्या पायावर टॉवेल टाकायचे. चौकशी लागेल, पेन्शन बंद होईल, एवढंच बोलायचे.

मला बघवेना. दुपारी ते झोपलेले पाहून पॉलिश पेपर घेतला आणि टेबलाशी उकिडवा बसून नंबर घासायला लागलो. रंग गेला, पण करडेपणाही गेला, आणि खालून कोरं पिवळट पाइन डोकावलं. आता याला चहा लावावा की व्हिनेगर, या विचारात होतो. मान वर केली तर बाबा समोर उभे. नंबर तपासणाऱ्या परक्या माणसाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी हात जोडले.

"साहब, मेरे बेटे को कुछ नहीं पता. टेबल मैं लाया हूँ. मेरा नाम लिखिए."

बाबा जन्मात माझ्याशी हिंदीत बोलले नव्हते. मी मराठीतून, बाबा, मी आहे, मी आहे, म्हणत राहिलो. त्यांनी जोडलेले हात काही सोडले नाहीत.