एसटीला बाजू देणारी गाडी

मोठा माणूस जाताना मागे एक रिकामी जागा ठेवून जातो, असं सेवकरामच्या शोकसभेत सांगण्यात आलं. सेवकराम जागा अडवून गेला होता. अर्जुनी मोरगावच्या त्याच्या घरासमोर सोळा फूट लांबीची पांढरी, जुनी गाडी उभी होती आणि तिच्यामुळे मंडपाचा एक खांब बाजूला रोवावा लागला. रिकाम्या जागेविषयी बोलणारे आमचे साहेब, म्हणजे माजी मंत्री, सभेला चाळीस मिनिटं उशिरा आले. त्याबद्दल त्यांना कुणी मेमो दिला नाही.

बातमी मला शेवंतावहिनींच्या फोनवरून कळली होती. रडणं आवरून त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, हे गेले... आज गाडी नाही निघत." मी मास्तर नाही. कॉलेजात ग्रंथपाल होतो. पण ज्याच्या हातात पुस्तक तो मास्तर, असं सेवकरामचं वर्गीकरण होतं आणि माझ्या ग्रंथालयातल्या वर्गीकरणापेक्षा ते सोपं होतं. त्याने एसटी चालवली, तीस वर्षं, एकही अपघात न करता. मी त्याच बसने गोंदियाला जायचो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. मैत्री तिथली.

एकदा साहेबांचा ताफा जायचा म्हणून आमची बस रस्त्याच्या कडेला थांबवून ठेवली होती. चाळीस मिनिटं. बाया-माणसं उन्हात खाली उतरली, एका पोरीची परीक्षा होती, ती पुढच्या गावापर्यंत धावत निघाली. मग सात-आठ गाड्या धूळ उडवत गेल्या आणि मधल्या पांढऱ्या गाडीत, मागच्या डाव्या सीटवर, साहेब झोपलेले दिसले. उशिराबद्दल सेवकरामला मेमो आला. 'साहेब जाऊन राहिले होते,' असा लेखी खुलासा त्याने दिला. खुलासा असमाधानकारक ठरला.

पुढे साहेब निवडणुकीत पडले, त्यांची ती पांढरी गाडी विकायला निघाली. सेवकराम नुकताच निवृत्त झाला होता. फंडाच्या पैशातून त्याने ती घेतली, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. मीही विचारलं, "काऊन घेतली बा?"

"हिच्यापाई माले मेमो भेटला होता," तो म्हणाला. "आता हे माह्या हाताखाली राहील."

जुनी मोठी गाडी म्हणजे काय, हे आम्हाला फुलचूरच्या रफिकभाईंनी शिकवलं. त्यांचं गॅरेज म्हणजे एक टिनाचं शेड आणि खूप स्पष्ट मतं. बॉनेट उघडून ते म्हणाले, "काका, आधी कीमत आपने दे दी. बाकी आधी ये खुद माँग लेगी." तिने ती उरलेली अर्धी किंमत मागितली. आधी एसीचा कॉम्प्रेसर गेला. मग पुढचं सस्पेन्शन, कारण ही गाडी सपाट रस्त्यांसाठी घडवलेली होती आणि आमच्याकडे तसले रस्ते ताफ्याच्या आदल्या दिवशीच होतात. पोट जमिनीलगत असल्याने प्रत्येक गतिरोधकावर खालून खरवडल्याचा आवाज यायचा. काचा वरखाली करणारी मोटार एकेक करून चारही दारांची बंद पडली. पुढचा दिवा फुटला, त्याची किंमत ऐकून मी म्हटलं, "एवढ्यात एक म्हैस येते."

"म्हशीले अंधारात दिसते," सेवकराम म्हणाला आणि दिवा आणायला नागपूरला गेला.

एक बिघाड मात्र त्याचा स्वतःचा. त्याने डिकीतून बियाण्याच्या धानाचं पोतं आणलं, ते फाटलं. सांडलेल्या धानावर उंदीर आले आणि धान संपल्यावर त्यांनी वायरिंग खाल्लं. उरलेले दाणे गालिच्याखाली ओले होऊन उगवले. बोटभर हिरवे परे! रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. सेवकराम डिकीत वाकून पाहत राहिला. "साहेबाच्या गाडीत पहिल्यांदाच काही उगवून राहिलं," तो म्हणाला. ते परे त्याने शेतातल्या बांधीत नेऊन लावले.

पाणी यायचं ते छतातून. लाल दिव्याची वायर आत घ्यायला छताला भोक पाडलेलं होतं. दिवा गेला, भोक राहिलं. पावसाचं पाणी तिथून गळायचं, ते नेमकं मागच्या डाव्या सीटवर. रफिकभाई पाच मिनिटांत ते बुजवून देत होते. सेवकरामने बुजवू दिलं नाही. त्या सीटवर त्याने जर्मनचा गंज, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, ठेवला, आणि त्यात पाणी साचलं की शेताच्या धुऱ्यावर नेऊन ओतायचा.

पण ही सगळी दुरुस्ती कशासाठी, हे सकाळी कळायचं. रोज सकाळी तो गाडी मोठ्या रस्त्यावर काढायचा. शेजारी मी. मागून गोंदियाची बस दिसली की तो वेग कमी करायचा, गाडी पार कडेच्या गवतात घ्यायचा आणि थांबायचा. बस पुढे जाईपर्यंत इंजिन बंद. मग आम्ही चहा पिऊन घरी. बस न आल्यास वाट पाहायची. इतक्या वर्षांत त्या गाडीने एकाही एसटीला ओव्हरटेक केलं नाही. मी एकदा म्हटलं, हा खुळेपणा आहे. "हाव," तो म्हणाला. "पण रोजचा हाय."

मग त्याचं छातीचं दुखणं निघालं. माणसाची आणि गाडीची तुलना करायचा मोह अशा वेळी होतो. ती तुलना चुकीची आहे. गाडीचे भाग नागपूरला मिळत होते.

गाडीला पंधरा वर्षं होत होती. आता आरटीओच्या तपासणीत पास झाली तर पुढची पाच वर्षं, नाहीतर भंगार. त्याच्या पुण्याच्या मुलाने भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. सेवकरामने अंथरुणातून कागद केले आणि गाडी वहिनींच्या नावावर केली. शेत नाही, गाडी. "माले कायले?" त्या म्हणाल्या. "साहेब पडला," तो म्हणाला, "गाडी पडली नाही पाह्यजे." तपासणीची तारीख आली तेव्हा त्याला जाऊन महिना झाला होता. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, कशाला आता? विकून टाक." वहिनींनी फोन ठेवला आणि रफिकभाईंना बोलावलं.

रफिकभाई चालवत होते, शेजारी मी, मागे वहिनी आणि त्यांच्या डाव्या हाताला गंज. वाटेत इंजिन तापलं, त्यात अर्धा तास गेला. रफिकभाईंनी घड्याळ पाहून वेग वाढवला. आरशात मला बस दिसली. मी नजर पुढच्या रस्त्यावर वळवली. उशीर झाला तर तपासणी चुकणार होती...

"बाजूले घ्या," मागून वहिनी म्हणाल्या.

"भाभी, टाइम नहीं है."

"घ्या म्हटलं ना!"

गाडी गवतात उतरली. रफिकभाईंनी इंजिन बंद केलं. बस आमच्या अंगावर चिखल उडवून गेली. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलंही नाही.

तपासणीच्या मैदानावर आमचा नंबर शेवटी लागला. अधिकाऱ्याने दिवे, ब्रेक, हॉर्न, धूर सगळं पाहिलं. मग मागचं दार उघडून गंजाकडे पाहिलं. "हे काय?"

"साहब की सीट है," रफिकभाई म्हणाले.

अधिकाऱ्याने दार लावलं आणि सही केली.

गाडी आता पुन्हा घरासमोर उभी आहे. काल पाऊस झाला, वहिनींनी गंज रिकामा करून परत सीटवर ठेवला. नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वैध आहे. वहिनींना गाडी चालवता येत नाही. मलाही नाही.