कानात सांगितलेलं नाव

पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या बाईंच्या साडीला नावाची पट्टी लावलेली होती, सुहासिनी. रांग दारापर्यंत आलेली, पंखा बंद, आणि माझ्या पुढचे गृहस्थ पासबुक आत सरकवत म्हणाले, "नाव सुहासिनी आणि चेहरा असा? जरा हसा की."

बाईंनी शिक्का मारला. मान वर न करता म्हणाल्या, "काका, नाव मी नाही ठेवलं. आत्याने ठेवलं."

त्या गृहस्थांवर माझं टाळकंच सरकलं. सुहासिनी म्हणजे गोड हसणारी. शब्द किती जुना, किती देखणा, पण म्हणून तो दिवसभर कुणीही येऊन वसूल करायचा? मुलग्यांना पाळण्यातच विजय, प्रताप, अजिंक्य मिळतात. आज कुणाला जिंकलंस, असं त्यांना कुणी विचारत नाही. मुलींना मात्र सुशीला, क्षमा, सुहासिनी. ही नावं कसली, जन्मभराची नेमून दिलेली कामं. आणि ती सांगते कोण, तर पाळण्यात वाकून, कानाला तोंड लावून, आत्या. तेही पाठीवर बायकांचे धपाटे खात, हसत हसत.

माझा नंबर आला. बाई माझ्याकडे पाहून हसल्या नाहीत, आणि मला बरं वाटलं.

पायऱ्या उतरताना आठवलं. माझ्या भावाच्या मुलीचं नाव विनया. म्हणजे नम्र. ते मीच ठेवलंय. गेल्याच आठवड्यात ती उलट बोलली, तेव्हा मी फोनवर तिला म्हणाले होते, "अगं, नावाला तरी जाग."