ज्याचा खाडा मांडला नाही

ताथवड्यात शालनबाईंच्या खानावळीत एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. उद्या जेवायला येणार नसाल तर आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे वहीत तुमच्या नावापुढे खाडा पडायचा. न सांगता दांडी मारलीत तर ताट वाढून झाकून ठेवलं जायचं आणि परत आलात की चारचौघांत बोलणी खावी लागायची. बाई मूळच्या करमाळ्याकडच्या. चिंचवडला नवऱ्याची कंपनी बंद पडली, वर्षभरात नवराही गेला, तेव्हा इंजिनिअरिंगच्या पोरांना जेवू घालायला बसल्या त्या बसल्याच. साठेक पोरं होती. वहीत सगळ्यांची नावं होती.

एकाचं सोडून. ज्ञानेश औशाकडचा. पहिल्याच वर्षी बाई तापानं फणफणल्या, तेव्हा हा पठ्ठ्या कॉलेज बुडवून चार दिवस चपात्या लाटत बसला. एकही चपाती गोल झाली नाही, पण एकही पोरगं उपाशी गेलं नाही. पुढच्या महिन्यात बाईंनी नवी वही घातली आणि तिच्यात त्याचं नाव लिहिलंच नाही. घरच्या माणसाचा खाडा कोण मांडतं? तो मात्र महिन्याचे पैसे न चुकता त्यांच्या हातात कोंबायचा आणि चार चपात्या खाऊन पाचवीला नाही म्हणायचा.

गेल्या वर्षी ऑगस्टात एका दुपारी वीस-बावीस पोरांना उलट्या सुरू झाल्या. त्याच दुपारी ज्ञानेश जेवून, हात पुसत, "येतो मावशी" म्हणून निघाला आणि हायवेच्या सर्व्हिस रोडवर कंटेनरखाली गेला. त्याचं पोट ठणठणीत होतं. पण फोनवर बातम्या देणाऱ्या कुणा दीडशहाण्यानं दोन्ही गोष्टी एकाच दोरीत ओवल्या. संध्याकाळपर्यंत शालनबाईंचा फोटो गावभर फिरला आणि खाली ओळ होती, विषारी जेवणाने विद्यार्थ्याचा बळी.

हिंजवडीत नोकरीला असलेल्या भाच्यानं मग करिष्माला आणलं. लोकांचं नाव सांभाळणं हाच तिच्या कंपनीचा धंदा. पोरगी वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. चप्पल बाहेर काढून आत आली, पाणी प्याली आणि जेवणाऱ्यांची यादी मागितली. वही चाळून म्हणाली, "मावशी, ह्यात ज्ञानेश नावाचं कुणीच नाहीये."

"अगं, तो घरचाच म्हणून..."

"पुढं काही सांगू नका," करिष्मा हळूच म्हणाली. "वहीत नाही म्हणजे आपल्याकडे नाही. तेवढंच लिहू. ते खोटंही नाही."

शालनबाईंना आतून कुणीतरी ओरडून सांगत होतं की हे खोटंच आहे. पण बाहेर दारावर कुणीतरी शेण फेकलं होतं, घरमालक खोली रिकामी करा म्हणत होता आणि चपात्या लाटणाऱ्या तिघी बायका तोंडाकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. बस्स, मान हलवली. वकिलाच्या भाषेत निवेदन निघालं की सदर विद्यार्थी आमच्या खानावळीचा सदस्य नव्हता.

पंधरा दिवसांनी पोरं राहत होती त्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीतच घाण निघाली. शालनबाई सुटल्या. पोरं परतली, शेजारणी बोलू लागल्या, करिष्मानं पेढे आणले. आता खरं सांगून टाकू का, असं बाईंनी चाचरत विचारलं. ती म्हणाली, "मग लोक म्हणतील पहिलं खोटं का बोललात. झालं गेलं राहू द्या, मावशी."

राहू देणं माणसाच्या हातात असतं तर काय हवं होतं! दुपारी दीड वाजला, ज्ञानेशची जेवायची वेळ झाली, की शालनबाईंच्या पाठीमागे पत्र्याची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. वळून बघावं तर खुर्ची जागच्या जागी. चपात्या मोजून लाटायला सांगितल्या तरी रोज चार उरायच्या. लाटणाऱ्या बायकांना दम देऊन झाला, स्वतः पोळपाटावर बसून झालं, तरी चारच. त्या चपात्या कुत्र्याला घालायचा त्यांना धीर होत नसे आणि खायचा तर त्याहून नसे. भगताकडे जाऊन आल्या, लिंबू उतरवून झालं. भगताला तरी काय दोष द्यायचा, त्याला खरी गोष्ट कुठं सांगितली होती?

त्यातच फोनमधली दुसरी शालनबाई. खानावळीच्या नावापुढे लोक बरं-वाईट लिहायचे आणि करिष्माचं ऑफिस शालनबाईंच्या नावानं गोडगोड उत्तरं द्यायचं. इकडे शालनबाई भाजीला फोडणी देत असायच्या, तेव्हा ती दुसरी कुणाशी तरी बोलत असायची. परवा सप्टेंबरात, जेवायला येणाऱ्या स्वरूपाला त्या सहज म्हणाल्या, "मी काय काय बोलते ते वाच की गं जरा."

स्वरूपा हसत हसत वाचत खाली गेली आणि एकदम थांबली.

"वाच."

"मागच्या वर्षीचं आहे, मावशी. कुणी चतुराबाई आहेत. लिहिलंय, मी ज्ञानेशची आई. भांडायला लिहीत नाही. लेकरू त्या दिवशी जेवून निघालं होतं का, तेवढं सांगा. खाली फोन नंबर आहे."

"आन् मी काय म्हणले?"

स्वरूपानं खालचं उत्तर वाचलं. "सदर व्यक्ती आमच्याकडे कधीही जेवत नव्हती. बदनामीकारक मजकूर काढून टाकावा, अन्यथा कायदेशीर कारवाई करू."

गॅसवरची भाजी करपली, कुणी उठलं नाही. मग त्यांनी स्वरूपाला तो नंबर लावायला सांगितला.

पलीकडचा आवाज म्हातारा नव्हता, नुसता थकलेला होता. शालनबाईंनी नाव सांगितलं, वहीचं सांगितलं, मान हलवल्याचंही सांगितलं. काही झाकलं नाही.

चतुराबाई म्हणाल्या, "दोन वरसं खानावळीचं म्हणून पैसं नेलं लेकरानं. तुमचा कागद वाचून त्याचा बाप म्हनला, पोरगं खोटं बोलून पैसं उडवीत होतं. भितीवरचा फोटू काढला बाई त्यानं. वर्षश्राद्धाला ताट बी करू देईना. म्हनला, खोटारड्याला कसलं ताट?"

शालनबाईंना रडूही येईना. आपलं नाव धुऊन निघालं, आणि ते मळलेलं पाणी एका मेलेल्या पोराच्या अंगावर गेलं. ते पोरगं उठून 'मी खोटं नाही बोललो' म्हणणार होतं का?

"मी येते तिकडं. पाया पडते त्यांच्या," त्या म्हणाल्या.

"येऊ नका," चतुराबाई म्हणाल्या. "तोंडचं तो ऐकंना. जितं न्हाई म्हनलाव, तितंच हाय म्हना. सगळ्यायला दिसंल असं."

करिष्माला फोन केला तर ती कळवळून म्हणाली, "मावशी, असं केलंत तर मला तुम्हाला वाचवता यायचं नाही." शालनबाई म्हणाल्या, "मला वाचवलंस की गं तू. वर्षभर वाचलीये मी." आणि फोन स्वरूपाच्या हातात दिला. त्या सांगत गेल्या, ती लिहीत गेली.

"मी शालन. ज्ञानेश दोन वर्षं माझ्याकडं जेवला. त्या दिवशीही जेवूनच गेला. पैसे दर महिन्याला दिले. खोटं मी बोलले, तो नाही."

आठवड्यात निम्मी पोरं गेली. अन्न चांगलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण एकदा खोटं बोललेल्या बाईच्या पाण्यावरही भरवसा कसा ठेवायचा? शालनबाईंनी कुणाला अडवलं नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. पुरुषाचा आवाज. नाव नाही, रामराम नाही.

"किती खाल्ल्या त्यानं?"

शालनबाईंना विचार करावा लागला नाही. "चार."

"घरी बी चारच खायाचा," तो माणूस म्हणाला. फोन मात्र त्यानं ठेवला नाही.