गच्चीची किल्ली

सोसायटी नीट चालवायची असेल तर गच्चीची किल्ली कुणाच्या कमरेला जाऊ देऊ नये. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते. हे शहाणपण मला कुणामुळे आलं ते मात्र विचारू नका. त्या बाईची आठवण निघाली की अजून माझ्या पोटात दुखतं.

स्वातंत्र्यानंतर चार-दोन वर्षांत ठाण्याच्या नौपाड्यात दहा-बारा बिऱ्हाडांनी मिळून सोसायटी केली आणि दुमजली इमारत बांधली. आम्ही कल्याणहून तिथे राहायला आलो. समोरच्या ब्लॉकमध्ये सोसायटीचे चिटणीस राहायचे. त्यांच्या बायकोला मी मनातल्या मनात नुसतं ‘समोरची’ म्हणायचे. गच्चीची किल्ली त्यांच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असे. ज्याला हवी त्याने घ्यावी, काम झालं की परत लावावी. आपलं घर किती मोकळंढाकळं, हे जगाला दाखवायला मुद्दाम बाहेर टांगलीय, अशी माझी खात्री होती.

उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं पडायची. आज पापड कुणाचे, उद्या सांडगे कुणाचे, हे सगळं समोरची ठरवायची. म्हणजे तसा नियमबियम काही नव्हता, पण बायका आपणहून तिलाच विचारायच्या. माझ्या सासूबाईसुद्धा! मी केलेल्या आमटीला कधी ‘बरी आहे’ म्हणाल्या नाहीत, आणि तिच्या हातचं लोणचं बोटं चाटून खायच्या. तेही मी गिळलं असतं. पण माझी मुलगी दुपारची कुठे दिसत नाही म्हणून पाहावं, तर तिच्या ओट्यापाशी पाटावर बसून गप्पा मारतेय. “काकूंची कुरडई बघ गं आई, तळली की कशी फुलते!” हे वर आणि मलाच ऐकवायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं, ज्येष्ठातला मुहूर्त निघाला. रुखवतात मांडायला पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या कुरडया हव्यातच. समोरची आपणहून आली. “अहो वहिनी, चीक शिजवायला मी येते, एकटीला झेपायचं नाही.” मी म्हटलं, “झेपेल हो. आईच्या हातचं काहीतरी जाऊ दे पोरीबरोबर.” ती हसली आणि गेली. मला एवढंच हवं होतं, की रुखवतातली कुरडई न कुरडई माझ्या हातची असावी. मुलीने सासरी गेल्यावर आठवण काढावी तर ती माझी.

पण गच्चीची पाळी तिच्याकडे मागायची? छे! पाडव्याच्या सुमाराला वार्षिक सभा असायची. मी यांच्या मागे टुमणं लावलं, की या वर्षी चिटणीस तुम्हीच व्हा. हे म्हणाले, “अगं, लष्कराच्या भाकऱ्या आहेत त्या, आपल्याला कशाला हव्यात?” मी दोन दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे उभे राहायला तयार झाले. वाटलं होतं, समोरचे भांडतील, चार लोक त्यांच्या बाजूने बोलतील. कसलं काय! “वा वा, घ्या बुवा, सुटलो मी,” म्हणून त्यांनी तिथल्या तिथे किल्ली यांच्या हातात दिली. समोरचीने तर घरी जाऊन साखर आणून वाटली. जिंकूनही माझा जळफळाटच झाला.

मग मी यांच्याकडून कमिटीत ठराव करून घेतला, की किल्ली चिटणिसांच्या ताब्यात राहील आणि विचारल्याशिवाय कुणी वर जायचं नाही. ताबा कसला, किल्ली माझ्या कमरेला! बायका विचारायला दाराशी यायच्या तेव्हा मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

वैशाखात गहू भिजवले, वाटले, गाळले. पहाटे उठून चीक शिजवला आणि मुलीला हाताशी घेऊन गच्चीभर कुरडया घातल्या. त्याच दिवशी रुखवताची भांडी घ्यायला आम्हाला दोघींना कल्याणला जायचं होतं. निघताना किल्ली सासूबाईंकडे ठेवावी, असं मनात आलं. पण सासूबाईंकडे म्हणजे समोरचीकडेच की! माझ्या कुरडयांना तिचा हात लागायला नको होता. कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून गेले.

कल्याणच्या बाजारात तपेली वाजवून बघत होते तेव्हा वारं सुटलं. बघता बघता काळोखून आलं आणि वळवाचे थेंब पडायला लागले. भांडी तिथेच टाकून मी मुलीला ओढत स्टेशन गाठलं. किल्ली सारखी कमरेला टोचत होती.

घरी आले तर गच्चीच्या दाराची कडी उचकटलेली. समोरची माझ्याच स्वयंपाकघरात, चिंब भिजलेली, धोतरावर कुरडया पसरत होती. “रागावू नका वहिनी, यांना पहार घेऊन वर पाठवलं. दार उघडेपर्यंत निम्म्या गेल्या हो.” दाराबाहेरचा तो खिळा कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. आभाळ आलं की जो जवळ असेल त्याने धावायचं, एवढंच!

पुन्हा गहू भिजवायला सवड नव्हती. संध्याकाळी ती आपल्या कुरडयांचा डबा घेऊन आली. मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर सासूबाईंनी डबा हातात घेतलासुद्धा.

लग्नाला अंगणात मांडव घातला. रुखवताच्या ताटात माझ्या आणि तिच्या कुरडया शेजारी शेजारी मांडल्या. विहीणबाईंनी ताटावर नजर फिरवली आणि नेमकी तिची उचलली. “अगबाई, किती नाजूक! कुणाच्या हातची हो?”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. समोरची मांडवाच्या खांबाशी उभी होती, ती तिथलं तोरण सारखं करायला लागली. माझी म्हणावं, तर मुलीला खरं माहीत. तिची म्हणावं, तर जीभच उचलेना.

“आमच्या सोसायटीची,” मी म्हटलं.

समोरचीने ऐकलं आणि ती हसली, अगदी मनापासून. मेली एकदा तरी रागावली असती, तर त्या दिवशी मला दोन घास गोड लागले असते.