खुर्चीचा सुटा हात

साखरेपायी सासूबाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "बाजारात कधी बसू?" थळच्या किनाऱ्यावरची मासळी त्या अलिबागच्या बाजारात, माझ्या लग्नाच्या आधीपासून, एकाच ओट्यावर बसून विकत आल्या होत्या. ओटा रिकामा राहिला की दुसरी येऊन बसते, हा तिथला कायदा. म्हणून चार महिने जागा धरायला मी बसले. सुरुवातीला सुरमईचे तुकडेसुद्धा मला सारखे पाडता येत नव्हते.

चाकाच्या खुर्चीसाठी पैसे बाजारातल्या बायकांनीच उभे केले. त्या महिन्याची भिशी जिला लागायची होती, तिने आपला नंबर आम्हाला सोडला. कुणीतरी फुकट खुर्च्या वाटतंय, फक्त फोटो काढू द्यायचा, असंही कळलं होतं. "मी मासळी विकते, तोंड न्हाय," म्हणून सासूबाईंनी तो विषय तिथेच संपवला.

खुर्ची आणायला पनवेलला मी गेले. घराचा दरवाजा मोजून नेला होता. खाऱ्या हवेत गंजणार नाही अशी नळी बघितली, टायर दाबून बघितले. दुकानदार म्हणाला, "ताई, ही घ्या, हिचा हात निघतो." मी त्याला उडवून लावलं. आमच्या घरात होडीची शिस्त: जे सुटं, ते दर्याचं. माझा नवरा होडीत चहाचं भांडंसुद्धा बांधून ठेवतो. मी पक्क्या हातांची, सगळ्यात भक्कम खुर्ची उचलली आणि वर दुकानदारालाच चार गोष्टी शिकवून आले.

पहिल्या दिवशी खुर्ची ओट्याला लावली. बैठक आणि ओटा अगदी एका उंचीचे, पण मध्ये तो हात. सासूबाई सरकणार कशा? दोघीजणी उचलायला पुढे झाल्या, तशा त्या कडाडल्या, "मी काय मासळीची पाटी हाय? हात लावू नका!" भरल्या बाजारातून आम्ही तशाच परत फिरलो. बायकांच्या भिशीची मी माती केली होती.

घरी येऊन मी रडले. पण खोटं कशाला बोलू, रडता रडता मनात आलं, ओटा आता माझाच. मला तो आवडायला लागला होता. गिऱ्हाइकं माझ्यासाठी थांबायला लागली होती. त्या विचाराची मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी सकाळीच मी खुर्ची घेऊन पनवेल गाठलं. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने हात निघणारी खुर्ची बदलून दिली.

या वेळी ओट्याशी सासूबाईंनी स्वतःच खटका दाबला, हात काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "ऊठ." मी ओट्यावरून उठले. त्या एका दमात सरकून बसल्या, विळी पुढे ओढली. मला टेकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी खुर्चीत बसले.

"अगं बाई, सुनेच्या पायाला काय झालं?" एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"तिला काय धाड भरलीय," सासूबाई विळीवरून मान न उचलता म्हणाल्या. "शिकते हाय ती. पुढं ही जागा तिचीच हाय."